पुतळ्यामागचा टॉम विल्स

२०२०च्या डिसेंबरातला मेलबर्नचा कसोटी सामना आपल्याकडे अजून कुणी विसरलं नसेल. आठवडाभर आधी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता. कोहली पत्नीच्या बाळंतपणासाठी मायदेशी परतला होता आणि संघाची सूत्रं अजिंक्य रहाणेच्या हाती आली होती. पहाटे पाचला शाल गुंडाळून टीव्हीसमोर बसणाऱ्यांत मीही होतो. रहाणेनं ११२ धावा केल्या, भारत आठ गडी राखून जिंकला आणि बक्षीस समारंभात संगमनेर तालुक्यातल्या आश्वी गावी जन्मलेल्या या मुलाच्या गळ्यात एक पदक पडलं. मुल्लाघ पदक. ते त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं जात होतं. १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासी क्रिकेट संघाच्या कंबरपट्ट्याचं जे बक्कल होतं, त्याची ही प्रतिकृती.

समालोचकांनी दोन-तीन वाक्यांत जॉनी मुल्लाघची ओळख करून दिली आणि विषय पुढे गेला. माझा मात्र तिथेच अडकला. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, रात्री जागून, जे हाती लागेल ते वाचत आलेला माणूस आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं ‘ट्रोव्ह’ या नावानं सर्वांना फुकट खुली केली आहेत. माझ्यासारख्याला ती म्हणजे उघडं कोठारच. मुल्लाघचं खरं नाव उनारिमिन. तो शोधता शोधता समजलं, की हा खेळाडू याच मैदानावर, याच नाताळच्या दुसऱ्या दिवशी, १८६६ साली उतरला होता. त्या दिवशी आदिवासी संघाचा कर्णधार एक गोरा माणूस होता. त्याचं नाव टॉम विल्स. आणि या विल्सच्या बापाला पाचच वर्षांपूर्वी आदिवासींनी ठार मारलं होतं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग पुढची तीन वर्षं याच माणसामागे गेली.

ऑस्ट्रेलियात विल्सची ओळख क्रिकेटपटू म्हणून नंतर, आधी फुटबॉलवाला म्हणून आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. लांबुळका चेंडू, क्रिकेटच्या गोल मैदानावर अठरा-अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब, आणि लाथाडलेला चेंडू झेलण्यासाठी समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत चढणारी माणसं. मेलबर्नमध्ये या खेळाचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकंच आहे. तो खेळ ज्यांनी जन्माला घातला त्यांत विल्सचं नाव पहिलं. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या बाहेर त्याचा पुतळा आहे. २००१मध्ये बसवलेला.

विल्स घराण्याची सुरुवात एका कैद्यापासून होते. टॉमचा आजोबा एडवर्ड वाटमारीच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेला. ती शिक्षा जन्मठेपेत बदलून त्याला १७९९मध्ये सिडनीला आणून सोडलं. बाप होरेशिओ आधी वर्तमानपत्रवाला, मग हजारो मेंढ्या हाकत नव्या कुरणांच्या शोधात निघालेला जमीनदार. १८४०च्या सुमारास तो आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला एका डोंगराशी थांबला आणि बायबलमधल्या नोहाची नौका जिथे टेकली त्या पर्वताचं नाव त्यानं त्या डोंगराला दिलं: अरारात. आज तिथे त्याच नावाचं गाव आहे. त्या डोंगराला आधीपासून नाव असणार, कारण तिथे जाब वुरुंग लोक राहत होते. होरेशिओनं ते विचारलं होतं की नाही, देव जाणे.

१८३५मध्ये जन्मलेला टॉम त्या वेळी चार-पाच वर्षांचा होता. आसपास गोऱ्यांची मुलं जवळजवळ नव्हतीच. तो जाब वुरुंग मुलांत वाढला, त्यांची भाषा बोलायला शिकला, त्यांची गाणी म्हणू लागला. हे घरच्यांच्या आठवणींत आहे आणि त्याबद्दल फारसा वाद नाही. त्याच कुरणांवर त्याच वर्षांत मेंढ्यांच्या चोरीवरून आणि पाणवठ्यांवरून आदिवासींना गोळ्या घातल्या जात होत्या. तशा हत्यांच्या संदर्भात होरेशिओचंही नाव येतं. म्हणजे मुलगा ज्यांच्यात खेळत होता, त्यांच्याशी बापाचं भांडण चालू होतं. हे दोन्ही एकाच अंगणात.

चौदाव्या वर्षी टॉमला इंग्लंडला रग्बी शाळेत धाडलं. अभ्यासात तो यथातथाच होता, पण खेळात शाळेनं त्याला डोक्यावर घेतलं. क्रिकेट संघाचा कर्णधार झाला, शाळेचा तो राकट फुटबॉल मनसोक्त खेळला. १८५६मध्ये ऑक्सफर्डविरुद्धच्या सामन्यात केंब्रिजकडून उतरला. गंमत अशी, की केंब्रिजमध्ये त्यानं शिक्षण घेतलंच नव्हतं. नियम आपल्यासाठी नाहीत अशी एक खात्री या माणसाला तरुणपणापासून होती. नियम लिहिणारा माणूस असा असावा, हे मला फार मजेशीर वाटतं.

त्या वर्षाअखेरीस तो मेलबर्नला परतला. सोन्याच्या खाणींनी शहर फुगलेलं, लोकांच्या खिशात पैसा, आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्सला क्रिकेटमध्ये हरवायची खाज. १८५८च्या जानेवारीत विल्सच्या नेतृत्वाखाली व्हिक्टोरियानं ते करून दाखवलं आणि बावीस वर्षांचा हा पोरगा वसाहतीचा लाडका झाला. मेलबर्न क्रिकेट क्लबनं त्याला चिटणीस केलं. दप्तर सांभाळणं हा त्याचा पिंड नव्हता. कागदपत्रांचा गोंधळ करून, भांडून तो बाहेर पडला.

१० जुलै १८५८च्या ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या खेळाच्या साप्ताहिकात त्याचं एक पत्र छापून आलं. हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं, खेळाडू सुस्तावतात, अंगावर मांस चढतं, तेव्हा फुटबॉलचा एक क्लब काढावा आणि नियम ठरवायला एक समिती नेमावी, असा त्याचा आशय. ते जमत नसेल तर निदान नेमबाजीचा क्लब तरी काढा, अशी पुस्तीही आहे. एका मोठ्या खेळाची जन्मकुंडली म्हणून आज हे पत्र दाखवतात, पण वाचताना ते क्रिकेटच्या काळजीनं लिहिलेलं वाटतं. फुटबॉल हा त्यात उपाय आहे, ध्येय नाही.

महिन्याभरात, ७ ऑगस्टला, मैदानाशेजारच्या रानवट जागेत स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांचा सामना झाला. एका बाजूला चाळीस मुलं. दोन गोलांमधलं अंतर जवळपास अर्धा मैल. पंच दोघे: विल्स आणि रसायनशास्त्राचे शिक्षक जॉन मॅकॅडम. (सुक्या मेव्यातल्या महागड्या मॅकॅडेमियाला ज्यांचं नाव आहे, तेच हे गृहस्थ.) सामना तीन शनिवार रेंगाळला आणि बरोबरीत सुटला. विल्सचा पुतळा याच सामन्यातला आहे, पंचगिरी करताना.

नियम लिहिले गेले पुढच्या वर्षी, १७ मे १८५९ला, मैदानाजवळच्या एका हॉटेलात. चौघेजण होते: विल्स, हॅमर्सली, थॉम्पसन आणि स्मिथ. यांतले दोघे केंब्रिजचे, स्मिथ डब्लिनचा. विल्सला रग्बी शाळेचे नियम हवे होते. बाकीच्यांना ते किचकट वाटले. शिवाय मेलबर्नची जमीन टणक होती आणि खेळणारे पोटापाण्याच्या उद्योगातले मोठे पुरुष होते, सोमवारी कामावर जाणारे. नडगीवर लाथ मारायची इंग्लिश शाळांतली रीत त्यांनी काढून टाकली. चेंडू जमिनीवरून उचलायचा नाही, लाथेनं आलेला किंवा टप्पा पडलेला असेल तरच हातात घ्यायचा, असं ठरलं. एकूण दहा नियम, एका कागदावर मावणारे. लंडनच्या फुटबॉल संघटनेचे नियम यायला अजून चार वर्षं अवकाश होता.

त्या दहा नियमांत ऑफसाइड नाही. विसरले की मुद्दाम सोडलं, यावर अभ्यासक अजून बोलतात. विल्सनं मात्र त्या रिकाम्या जागेचा अर्थ फार लवकर ओळखला. त्या काळचा खेळ म्हणजे चेंडूभोवती पन्नास माणसांची झोंबाझोंबी. यानं आपली माणसं मैदानभर पेरली आणि चेंडू झुंडीबाहेर मोकळ्या जागेत लाथाडायला सांगितलं. पुढे जिलाँग या बंदराच्या गावासाठी तो वर्षानुवर्षं खेळला. एकदा वारा विरुद्ध होता म्हणून त्यानं आपला सगळा संघ गोलसमोर उभा करून दारच बंद केलं. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या. नियमात ते कुठेही मना नव्हतं.

आता १८६१कडे यायला हवं.

होरेशिओनं क्वीन्सलंडच्या आत, कलिन-ला-रिंगो नावाच्या जागी, नवी जमीन घेतली होती. पंचवीसएक माणसं, दहा हजार मेंढ्या, कित्येक महिन्यांचा प्रवास. बापाच्या हुकमानं पंचवीस वर्षांचा टॉमही मेलबर्नची वाहवा सोडून बैलगाड्यांबरोबर निघाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते पोचले. १७ ऑक्टोबरच्या दुपारी तिथल्या गायिरी लोकांनी छावणीवर हल्ला केला. होरेशिओसह १९ जण मारले गेले, त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आदिवासींच्या हातून एका वेळी मारल्या गेलेल्या गोऱ्यांचा हा सर्वांत मोठा आकडा. टॉम वाचला तो केवळ त्या दिवशी दोघांना घेऊन सामान आणायला बाहेर गेला होता म्हणून.

हल्ला का झाला? टॉमचं म्हणणं असं, की शेजारच्या एका जमीनदारानं मेंढ्यांच्या संशयावरून गायिरींवर गोळ्या झाडल्या होत्या आणि सूड चुकीच्या छावणीवर उगवला. हे तो पुढेही सांगत राहिला. बापाच्या मारेकऱ्यांच्या बाजूचं कारण शोधणारा मुलगा म्हणून हे वाचून मला त्याच्याबद्दल आदर वाटला होता. पण त्याच महिन्यांतलं त्याचं मावसभाऊ-आतेभाऊ जो काय असेल त्या हॅरिसनला लिहिलेलं पत्रही आहे. त्यात तो दिसेल त्या काळ्या माणसाला गोळी घालतील अशी माणसं मागतो. दोन्ही गोष्टी एकाच हातच्या आहेत.

त्यानंतर जे झालं त्याला सूड हा शब्द अपुरा आहे. आजूबाजूचे जमीनदार आणि ‘नेटिव्ह पोलीस’, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली दुसऱ्या मुलखातले आदिवासी शिपाई भरती केलेलं दल, यांनी कित्येक आठवडे गायिरींची शिकार केली. मेलेल्यांचा आकडा तीनशेपलीकडे नेणारे अंदाज आहेत. गोऱ्या मृतांची संख्या, नावं, कोण कुठे पडलं होतं, सारं वर्तमानपत्रांत आहे. दुसऱ्या बाजूला नुसता अंदाज. ट्रोव्हवर कितीही रात्री घालवल्या तरी तिथला एकही माणूस नावानिशी समोर येत नाही.

विल्स तिथे १८६४पर्यंत राहिला. झोप उडालेली, रात्री दचकून उठायचं, आणि दारू. तिला मेलबर्नच्या मैदानांवरच सुरुवात झाली होती. आता तिनं मुक्काम केला.

आणि मग १८६६. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला एडनहोप भागातल्या मेंढवाड्यांवर काम करणारे आदिवासी तरुण उत्तम क्रिकेट खेळू लागले होते. त्यांना शिकवायला आणि मेलबर्नला घेऊन यायला कुणी तरी नावाजलेला हवा होता. विल्सला विचारलं आणि तो गेला. त्याच्या लहानपणीच्या मुलखापासून हे फार दूर नव्हतं, आणि तिथल्या लोकांची भाषा त्याच्या जाब वुरुंगशी मिळतीजुळती होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्नच्या मैदानावर दहा हजारांहून अधिक माणसं जमली. आदिवासी संघ हरला, पण मुल्लाघची फलंदाजी पाहून जाणकार चकित झाले. पुढच्या वर्षी सिडनीला एका भामट्या ठेकेदारानं पैशांची वाट लावली, संघ परक्या शहरात अडकून पडला. आजारपणात काही खेळाडू दगावले. दारूही होती, आणि ती ओतण्यात त्यांच्या कर्णधाराचा हात नव्हता असं कुणी म्हणणार नाही. १८६८मध्ये संघ इंग्लंडला गेला तेव्हा विल्सच्या जागी चार्ल्स लॉरेन्स होता. तिथे ४७ सामन्यांपैकी १४ जिंकले, १४ हरले. मुल्लाघनं १,६९८ धावा आणि २४५ बळी मिळवले, आणि परत येऊन तो पुन्हा हॅरो गावाजवळच्या मेंढवाड्यावर कामाला लागला.

विल्स का गेला असेल? प्रायश्चित्त म्हणून? पैशासाठी? की जगात फक्त क्रिकेटच येत होतं म्हणून? हातात पैसा नव्हता, हे नक्की. घरच्यांनीही हात आखडते घेतले होते. प्रायश्चित्ताची कल्पना आपल्याला आवडते, कारण ती आली की कथा पुरी होते. त्याच्या पत्रांत मात्र तिचा मागमूस नाही. मला स्वतःला वाटतं, बालपणी कानांवर पडलेली भाषा पुन्हा ऐकायला मिळते आहे, एवढं कारणही त्या उद्ध्वस्त माणसाला पुरलं असेल. पण हे माझं वाटणं आहे, पुरावा नव्हे.

उतरणीचा भाग थोडक्यात सांगतो. ज्या हॅमर्सलीबरोबर बसून त्यानं नियम लिहिले होते, तोच आता वर्तमानपत्रातून त्याच्या गोलंदाजीवर तुटून पडला: हा चेंडू टाकत नाही, फेकतो. दोघांचं भांडण छापील शिवीगाळीपर्यंत गेलं. १८७२मध्ये पंचांनी फेकीबद्दल नोबॉल दिला आणि मोठं क्रिकेट जवळपास संपलं. लग्नाशिवाय आयुष्यभर साथ दिलेली सारा बार्बर तेवढी शेवटपर्यंत जवळ राहिली. १८८०च्या १ मे रोजी, दारू अचानक तुटल्यावर जो भ्रम होतो त्या अवस्थेत, त्याला मेलबर्नच्या रुग्णालयात नेलं. तिथून तो पळाला आणि दुसऱ्या दिवशी हायडेलबर्गच्या घरी कात्री छातीत खुपसून त्यानं जीव दिला. वय ४४. अंत्यविधीला मोजून सहा माणसं होती, आणि कबरीवर दगडही नव्हता. आईनं पुढे असा कुणी मुलगा आपल्याला होता हेच नाकारलं, अशी आठवण त्या घराण्यात सांगतात.

‘फुटबॉलचा जनक’ ही पदवी मग हॅरिसनला मिळाली. हा त्याचा नातलग आणि बहिणीचा नवरा, १८६६मध्ये नियमांची फेरमांडणी करणारा, दीर्घायुषी आणि निर्व्यसनी. जनक म्हणून शोभणारा. विल्सच्या कबरीवर दगड बसला तो १९८०मध्ये, शंभर वर्षांनी. २००८मध्ये ग्रेग द मूर या सिडनीच्या मनोविकारतज्ज्ञानं त्याचं चरित्र लिहिलं आणि त्यानंतरच तो माणूस म्हणून दिसू लागला. त्या पुस्तकाचं ऋण माझ्यावर मोठं आहे.

तोवर आणखी एक कथा वाढीला लागली होती. पश्चिम व्हिक्टोरियातले आदिवासी पोसमच्या कातड्याचा चेंडू करून एक खेळ खेळत. चेंडू उंच लाथाडायचा आणि झेलायला उंच उडी घ्यायची. मार्नग्रूक असं नाव नोंदवलं गेलं आहे. एकोणिसाव्या शतकातली त्याची वर्णनं आहेत आणि ती वाचताना आजच्या फुटबॉलमधली ती हवेतली झेप डोळ्यांपुढे येते. टॉम लहानपणी हा खेळ खेळला असेल आणि त्यातूनच पुढचा फुटबॉल आला, असं अनेकांना मनापासून वाटतं. विशेषतः आज या खेळाच्या सर्वोच्च स्तरावर आदिवासी खेळाडू मोठ्या संख्येनं असताना आणि २०१५मध्ये ॲडम गुड्ससारख्या थोर आदिवासी खेळाडूला आठवड्यामागून आठवडे प्रेक्षकांच्या हुर्योनं मैदान सोडावं लागलं असताना, हा खेळ मुळात तुमचाच, असं म्हणता आलं तर कुणाला नको आहे? पण विल्सनं आपल्या कुठल्याही उपलब्ध लेखनात मार्नग्रूकचा उल्लेख केलेला नाही, आणि १८५९च्या त्या बैठकीत त्यानं मागितले होते ते रग्बीचे नियम. तो खेळ त्यानं पाहिला असेल, खेळलाही असेल. नियमांच्या कागदापर्यंत तो पोचल्याचा धागा माझ्या हाती लागलेला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला हवं.

मी इथवर आलो होतो आणि लेख लिहायला घेणार होतो, तेव्हा २०२१मधली एक बातमी वाचनात आली. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या १८९५च्या अंकातला एक निनावी लेख एका अभ्यासकाला सापडला होता. लेखक विल्सला ओळखत होता असं सांगतो. त्यात विल्सच्याच तोंडून ऐकलेली म्हणून हकीकत आहे: बापाच्या हत्येनंतर तो स्वतः सूड घेणाऱ्यांच्या टोळीत होता, त्यानं माणसं मारली, आणि मारलेल्यांपैकी एकाच्या अंगावर त्याचाच, छावणीतून लुटलेला, झिंगारी क्रिकेट क्लबचा पट्ट्यापट्ट्यांचा कोट होता.

मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, दुसऱ्या खंडात, निनावी माणसानं आठवून लिहिलेला मजकूर. कुठल्याही कोर्टात हा टिकणार नाही, असं मी आधी स्वतःला समजावलं. ऑस्ट्रेलियातही त्यावर दोन तट आहेत. पण जसजसा विचार केला तसं लक्षात आलं, की मार्नग्रूकसाठी मी जो पुरावा मागत होतो, त्याहून इथे जास्त आहे. हॅरिसनला लिहिलेलं ते पत्र आहे. तो त्या मुलखात, त्या आठवड्यांत हजर होता हे निर्विवाद आहे. फक्त मला ते खरं ठरायला नको होतं. एडनहोपला जाऊन मुल्लाघला मैदानावर आणणारा माणूस मला हवा होता, आणि त्यासाठी मी पुराव्याचं माप बदलत होतो. लेखाचा पहिला खर्डा मी तेव्हा फाडला. तो टॉम विल्सच्या थोर मनाबद्दल होता.

कोटाचा तपशील मात्र डोक्यातून जात नाही. खोटं रचणाऱ्याला सुचेल असा तो नाही, असं एकदा वाटतं. दुसऱ्यांदा वाटतं, दारूच्या बैठकीत रंगवून सांगायला याहून नेमका तपशील कुठला? त्या कोटाचं काय झालं याची नोंद नाही. ज्याच्या अंगावर तो होता, त्याच्या नावाचीही नाही. रहाणेला मिळालेल्या पदकाचं मूळ बक्कल ज्यांच्या कमरेला होतं, त्या माणसांची नावं आपल्याकडे आहेत: उनारिमिन, आणि लंडनमध्ये क्षयानं गेलेला ब्रिपुमयारिमिन, ज्याला गोरे किंग कोल म्हणत. मेलबर्नच्या मैदानाबाहेर टॉम विल्स अजून पंचगिरी करतो आहे. त्याच्या समोर दोन मुलं चेंडूवर झेपावलेली आहेत.